बसतो की नाही, हा प्रश्नच अर्धा आहे: रुंद अलॉयवर जुने रन-फ्लॅट टायर

(हे आपल्या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून नीट मांडले आहेत. बाकी जसं बोललो तसंच.)

००:०० – प्रश्न काय आहे

आजचा प्रश्न मालगुंडहून आलाय. केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळ्याच्या शेजारचं. व्हॉइस नोट मोठी होती, थोडक्यात सांगतो.

"दादा, सेकंडहँड बीएमडब्ल्यू थ्री सिरीज घेतली आहे, एफ-३० मॉडेल. टायर २२५/५० आर १७, चारही रन-फ्लॅट, अजून निम्म्याहून जास्त नक्षी शिल्लक आहे. मूळ रिम साडेसात इंची. मला साडेआठ इंची अलॉय मिळतायत, दिसायला एकदम भारी. नवे रन-फ्लॅट घ्यायची ऐपत नाही, म्हणून हेच टायर त्यावर चढवायचे आहेत. तीन दुकानांत विचारलं, तिघंही म्हणाले 'बसतो की'. बसवू का? गाडीत स्टेपनी नाही, आणि महिन्यातून एकदा आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला दवाखान्यात जावं लागतं."

शेवटचं वाक्य बोलता बोलता आलंय, पण माझ्या मते सगळा प्रश्न त्यातच आहे. तिन्ही दुकानदार कदाचित खरंच बोलतायत, टायर बसेलही. पण आपण कोड लिहिणारी माणसं एक गोष्ट रोज शिकतो. कंपाइल झालं म्हणजे चाललं असं नसतं. रन-फ्लॅटच्या बाबतीत "चाललं" हे ठरतं टायरमध्ये हवा शून्य असते त्या दिवशी. म्हणून आजच्या भागात एकच प्रश्न धरून ठेवू: हवा संपल्यावर हा टायर या रिमवर राहील का?

०१:५० – रन-फ्लॅट आतून कसा असतो

साध्या टायरमध्ये गाडीचं वजन टायर उचलत नाही, आतली हवा उचलते. टायर म्हणजे हवा कोंडून ठेवणारी मजबूत पिशवी. हवा गेली की बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, दुमडते आणि रिम रस्त्यावर येते.

रन-फ्लॅटमध्ये या भिंतीच्या आत कडक, उष्णता सहन करणाऱ्या रबराची जाड पट्टी असते. कापून बघितलं तर चंद्रकोरीसारखी दिसते. हवा गेली की वजन या पट्टीवर येतं. रिंग घालून आधार देणारा दुसराही एक प्रकार निघाला होता, पण तुमच्या-आमच्या गाड्यांत दिसतो तो हाच, जाड भिंतीचा.

याची नेहमीची मर्यादा लक्षात ठेवा: हवा गेल्यावर ताशी ८० किलोमीटरच्या आत, साधारण ८० किलोमीटर. हा आकडा दोन्हीकडे ८० आहे, त्यामुळे विसरत नाही. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल, ऊन असेल, तर त्याहून कमी धरा. कारण प्रत्येक फेऱ्यात ती भिंत वाकते आणि सरळ होते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि शेवटी रबर उष्णतेनेच हार मानतं.

आता हे मालगुंडला लावून बघू. रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता आंबा घाटातून साधारण १३० किलोमीटर. या रस्त्यावर कुठेही हवा गेली तरी दोनपैकी एक शहर जास्तीत जास्त ६५ किलोमीटरवर असतं. म्हणजे ८० चा हिशेब तिथे बसतो. आई-बाबांना घाटात उतरवून, डिकी रिकामी करून चाक बदलत बसायची वेळ येत नाही. स्टेपनी नसलेल्या गाडीत हा टायर म्हणजे तुमची स्टेपनी. त्याच्याशी खेळताना आपण स्टेपनीशी खेळतोय हे डोक्यात ठेवायचं.

०४:१० – आकडे वाचायला शिकू

२२५/५० आर १७ म्हणजे काय? २२५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, म्हणजे ११२.५ मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात.

रिमवर लिहिलेलं असतं ७½ जे × १७. यातला साडेसात म्हणजे रिमच्या दोन काठांमधलं आतलं अंतर, इंचात. बाहेरून टेप लावला तर जास्त भरतं, कारण काठाची जाडी त्यात येते. 'जे' हा त्या काठाच्या आकाराचा प्रकार.

आता मुद्दा. प्रत्येक टायरच्या साइजला रिमच्या रुंदीची एक हद्द ठरलेली असते. टायर कंपनीच्या माहितीपत्रकात ती छापलेली असते. नेहमीच्या काही साइज सांगतो:

- २०५/५५ आर १६: साडेपाच ते साडेसात इंच
- २२५/५० आर १७: सहा ते आठ इंच
- २२५/४५ आर १७: सात ते साडेआठ इंच
- २४५/४५ आर १७: साडेसात ते नऊ इंच
- २५५/४० आर १८: साडेआठ ते दहा इंच

आपल्या मित्राचा टायर दुसऱ्या ओळीत आहे. हद्द आठ इंच, अलॉय साडेआठ. म्हणजे अर्धा इंच बाहेर. इथेच उत्तर "नको" असं आहे. पण नुसतं नको म्हटलं तर उद्या चौथा दुकानदार "काही होत नाही हो" म्हणेल आणि तुम्ही बसवून याल. म्हणून का नको ते बघू.

०६:०० – अर्ध्या इंचाने काय बिघडतं

एक साधा नियम आहे. रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण ५ मिलिमीटर रुंद होतो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. म्हणजे रिम जितकी फाकते तितका टायर फाकत नाही. रिम पुढे निघून जाते.

आपल्या केसचा हिशेब करू. हा टायर सात इंची रिमवर २३३ मिलिमीटर रुंद मोजतात. म्हणजे साडेसातवर अंदाजे २३८, आठवर २४३, साडेआठवर २४८. यातून रिमची आतली रुंदी वजा करा आणि दोनने भागा, म्हणजे एका बाजूला टायर रिमच्या बाहेर किती फुगलेला आहे ते कळतं:

- साडेसात इंची रिम: जवळपास २४ मिलिमीटर
- आठ इंची: जवळपास २०
- साडेआठ इंची: जवळपास १६

या १६ मधून रिमच्या काठाची स्वतःची जाडी वजा केली की जेमतेमच उरतं. आता तुमची भिंत फुगीर राहिली नाही, ती ताणून सरळ झाली. याचे तीन परिणाम होतात.

पहिला, रिमचं संरक्षण गेलं. फुगीर टायर फुटपाथला आधी लागतो आणि रिम वाचते. ताणलेल्या टायरमध्ये रिम आधी लागते. रन-फ्लॅटची भिंत मुळातच कडक, खड्ड्याचा दणका ती फारसा पचवत नाही, रिमकडे पाठवते. आपल्याकडचे पावसाळ्यातले रस्ते आठवा. पाण्याखाली खड्डा आहे की नुसतं डबकं, हे चाक आत गेल्यावरच कळतं. अलॉयला तडा जातो तो अशाच ठिकाणी.

दुसरा, ती चंद्रकोरीची पट्टी. ती ठराविक आकारात वाकण्यासाठी बनवलेली असते. भिंतीचा पाया बाहेर ओढलात की वाकण्याची जागा आणि कोन बदलतो. हवा असताना तुम्हाला काहीच जाणवणार नाही. हवा गेल्यावर मात्र पट्टी चुकीच्या ठिकाणी वाकेल, जास्त तापेल, आणि ८० किलोमीटरचा भरवसा राहणार नाही. कंपनीने त्या रुंदीवर टायर तपासलेलाच नाही, मग तो आकडा तुमच्या जोडीला लागू होईल कसा?

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, बीड. बीड म्हणजे जिल्हा नव्हे, टायरचा आतला काठ. त्यात पोलादी तारांचं कडं असतं आणि तोच रिमवर घट्ट बसतो. त्याला जागेवर दाबून ठेवायचं मोठं काम हवा करते. हवा गेली की उरते फक्त पकड. आणि घाटातल्या वळणावर गाडीचं वजन टायरला आडवं ढकलत असतं. ताणलेला टायर, वाकडा बसलेला बीड, हवा शून्य आणि आंब्याचं वळण. या चार गोष्टी एकत्र आल्या आणि बीड आत घसरला, तर रन-फ्लॅट आणि साधा टायर यात काही फरक राहत नाही.

०८:५० – रिमवरची बारीक अक्षरं

इथे एक गोष्ट अशी आहे जी दुकानात कोणी स्वतःहून सांगत नाही. बीड घसरू नये म्हणून रिमच्या आत, बीड बसतो त्याच्या अलीकडे, एक उंचवटा असतो. गोल फिरणारा छोटा बांधच समजा. शेतात पाणी अडवायला घालतो तसा. साध्या ट्यूबलेस रिमवर तो एका किंवा दोन्ही बाजूंना असतो, त्याची खूण 'एच' किंवा 'एच२'.

रन-फ्लॅटसाठी हा बांध वेगळ्या, वाढवलेल्या आकाराचा लागतो. त्याची खूण 'ईएच२' किंवा 'ईएच२+'. बीएमडब्ल्यूच्या मूळ चाकांवर रुंदीच्या आकड्याशेजारी ही अक्षरं सापडतात. साधारण रिमच्या मागच्या बाजूला, आऱ्यांच्या पाठीवर बघा.

बाहेरून घेतलेली अलॉय दिसायला हुबेहूब असतील, पण त्यावर ईएच२ असेलच असं नाही. त्यावर रन-फ्लॅट चढवला तर तो बसेल, हवा धरेल, बॅलन्सही होईल. फक्त ज्या दिवशी त्याची गरज आहे त्या दिवशी बांध तोकडा पडेल. म्हणून दुकानात पहिला प्रश्न डिझाइनचा किंवा रंगाचा नको. "मागची अक्षरं दाखवा" हा हवा. सोबत एका चाकाची वजन पेलण्याची क्षमताही कोरलेली असते, तीही वाचा. जपानी जेडब्ल्यूएल खूण असेल तर चांगलं. काहीच कोरलेलं नसेल तर ती अलॉय फुकट मिळाली तरी नको.

१०:३० – ऑफसेट: रुंदी कुठे वाढते

समजा आपल्या मित्राने ऐकलं आणि आठ इंची, ईएच२ रिम शोधली. झालं? नाही, ऑफसेट राहिला. रिमवर 'ईटी' लिहून पुढे आकडा असतो. चाक ज्या पृष्ठभागाने हबला टेकतं तो पृष्ठभाग चाकाच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. ईटी कमी झाला की चाक बाहेर येतं.

मूळ चाक साडेसात इंची, ईटी ३७. त्याच्याशी तुलना करू:

- साडेआठ इंची, ईटी ३५: आतल्या बाजूला साधारण ११ मिलिमीटर जास्त, बाहेर साधारण १५ मिलिमीटर जास्त.
- आठ इंची, ईटी ३४: आत साधारण ३, बाहेर साधारण ९.

हिशेब घरी करता येतो. रुंदीच्या निम्म्यात ईटी मिळवला की आतली बाजू, वजा केला की बाहेरची. जुन्या आणि नव्या चाकाचा फरक काढा. आत वाढलेलं अंतर सस्पेन्शनला लागतं का, बाहेर वाढलेलं मडगार्डला लागतं का, हे स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी भरून बघायचं. रिकाम्या गाडीत न घासणारं चाक मागे तिघं बसले की घासतं.

आठ इंच आणि ईटी ३४ ही जोडी मी उगाच निवडली नाही. बीएमडब्ल्यूने याच गाडीला १८ इंची चाकं देताना पुढे हीच रुंदी आणि हाच ऑफसेट दिलाय. म्हणजे एवढं बाहेर येणं गाडीला मानवतं.

बाकी दोन मापं: एफ-३० ला पाच बोल्ट, १२० मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि मधलं भोक ७२.६ मिलिमीटर. भोक मोठं असेल तर मधे बरोबर मापाची रिंग लागते, नाहीतर गाडी वेग घेतल्यावर थरथरते. बोल्ट ज्या खाचेत बसतो ती खाच आणि बोल्टचा उतार एकाच आकाराचा हवा. हे रन-फ्लॅटपुरतं नाही, कुठल्याही अलॉयला लागू.

१२:३० – जुना टायर काढणं आणि परत चढवणं

आता 'हेच टायर' यातल्या 'हेच' कडे येऊ. वापरलेला रन-फ्लॅट एका रिमवरून काढून दुसऱ्यावर चढवणं हे नव्या टायरपेक्षा नाजूक काम आहे. भिंत कडक, बीड रिमला घट्ट चिकटलेला. साध्या मशीनवर पहार घालून जोर लावला की बीडचं रबर फाटतं. रन-फ्लॅटसाठी मदतीचा जादा हात असलेलं मशीन लागतं. दुकानात ते नसेल तर नमस्कार करून बाहेर या.

काढण्याआधी आणि काढल्यावर हे बघा:

१. साइडवॉलवर डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. टायर म्हातारा असेल तर नव्या रिमवर चढवण्यात पैसे घालू नका.

२. टायर निघाला की आत हात फिरवा. काळी रबराची पूड, भिंतीवर सुरकुत्या किंवा रंग बदललेला पट्टा दिसला, तर तो टायर आधी कधीतरी हवेविना पळालाय. तो संपला. बाहेरून नक्षी कितीही छान दिसू दे. सेकंडहँड गाडीत ही तपासणी सोडायचीच नाही, कारण आधीच्या मालकाने काय केलं ते टायरच सांगतो.

३. बीडला चीर किंवा उघडी तार दिसली तर तोही बाद.

४. चढवताना दोन्ही बीडना टायरचं वंगण लावायला सांगा. हवा भरताना ४० पीएसआयपर्यंत बीड 'टक्' करून जागेवर बसला पाहिजे. नाही बसला तर हवा सोडायची, पुन्हा वंगण लावायचं. दाब वाढवत नेणारा माणूस स्वतःचा हात धोक्यात घालतोय आणि तुमचा टायरही.

५. वॉल्वला हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तो कुठे आहे ते आधी सांगा, मशीनच्या दातात येऊन तुटतो. काही गाड्यांत सेन्सर नसतो, चाकाच्या फिरण्यावरून गाडी अंदाज घेते. तिथे काम झाल्यावर मेन्यूत जाऊन रीसेट करायचं.

पाचवा मुद्दा शोभेचा नाही. रन-फ्लॅटमध्ये हवा गेलेली ड्रायव्हरला बऱ्याचदा कळतच नाही, भिंत इतकी कडक असते. ती सूचना नसेल तर तुम्ही शून्य हवेवर १०० च्या वेगाने जात राहाल आणि ८० किलोमीटर कधी संपले ते कळणार नाही. हवेची सूचना देणारी यंत्रणा चालू नसेल तर रन-फ्लॅट वापरूच नये. आपल्याकडे २०२० मध्ये नियम बदलून स्टेपनीशिवाय गाडी विकायला परवानगी मिळाली, तीसुद्धा ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि ही यंत्रणा असेल तरच.

१४:५० – किनाऱ्यावरची एक जादा गोष्ट

मालगुंड, गणपतीपुळे, जयगड, आरे-वारे, हा सगळा खाऱ्या वाऱ्याचा पट्टा. खारी हवा अलॉयला बीड बसतो त्या जागी खाते, कारण तिथे रंगाचा थर आधीच मशीनने खरवडलेला असतो. मग पंक्चर नसताना रोज थोडी हवा कमी होते. टायर चढवताना ती जागा स्वच्छ आणि गुळगुळीत आहे ना, हे बघून घ्या. रंग उडालेली जुनी अलॉय स्वस्तात मिळत असतील तर हा खर्च त्यात धरा.

१५:३० – मग आपल्या मित्राने काय करावं

तीन रस्ते आहेत.

पहिला: हेच टायर ठेवायचे असतील तर आठ इंच ही शेवटची हद्द. रिम ईएच२, ऑफसेट ३४ च्या आसपास, टायर आतून स्वच्छ. दिसण्यात थोडा फरक पडेल, भरवसा शाबूत राहील.

दुसरा: साडेआठ इंचीच हवी असेल तर टायर त्या रिमचे घ्या. २४५/४५ आर १७ घेतला तर चाकाचा एकूण व्यास साधारण ६५२ मिलिमीटर, मूळ ६५७. फरक एक टक्क्याच्या आत, स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. पण जागेचा हिशेब पुन्हा करायचा, आणि टायरचा भार-आकडा मूळपेक्षा कमी नको. मूळ ९४ असेल तर तो ६७० किलो पेलतो. रिमची ईएच२ची अट इथेही तीच. हा रस्ता पैसे साठल्यावर.

तिसरा: चारही साधे टायर घ्या आणि डिकीत स्टेपनी, जॅक, हवेचा पंप ठेवा. स्टेपनी पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी. गाडी मऊ चालेल आणि पंक्चर कुठल्याही नाक्यावर निघेल. फक्त दोन रन-फ्लॅट, दोन साधे अशी खिचडी करू नका. पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं वागतात.

कुठलाही रस्ता घेतलात तरी विमा कंपनीला अलॉय बदलल्याचं लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलंय. मडगार्डबाहेर आलेलं चाक पोलिसांना दुरूनही दिसतं.

माझं मत विचारशील मित्रा, तर पहिला रस्ता घे, आणि तसली आठ इंची रिम मिळेपर्यंत मूळ चाकांवरच फिर. साडेआठ इंची अलॉय गणपतीपुळ्याच्या पार्किंगमध्ये रोज छान दिसेल. पण तुझ्या मागच्या सीटवर जे दोघं बसतात, त्यांना ती कशी दिसते याने काही फरक पडत नाही. त्यांना कोल्हापूरला पोचायचंय आणि रात्री घरी परत यायचंय.

तुमच्या गाडीचे आकडे असतील तर पाठवा: टायरची साइज, रिमची रुंदी, ईटी आणि रिमच्या मागच्या अक्षरांचा स्पष्ट फोटो. फोटोत गाडीचा नंबर झाकायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.